उपरण्याखालचा भाव

मंठ्याला बदली होऊन गेलो त्या दिवशी किसनराव पाटलांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. जात न विचारणारा माणूस भेटला म्हणून मी खूश होणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या नव्या सायकलीभोवती एक चक्कर मारली, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "उद्या विकायची झाली तर काय येईल?"

"विकायची नाही हो. परवाच घेतली."

"घेतानाच विकायचा भाव बघावा, डाक्टर. हिची ट्यूब हितं मिळती का?"

"जालन्याहून आणावी लागेल."

"मंग झालं!" त्यांनी सायकलीकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला तिची दया आली. "माल बराबर हाये, जोड न्हाई."

मी काही डॉक्टर नव्हे. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा माणूस. खरे डॉक्टर जालन्याहून येत, म्हणजे बहुतेक येत नसत, तेव्हा गावानं ती पदवी मला देऊन टाकली होती. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं मी किसनरावांच्या घरासमोर भाड्याच्या खोलीत काढली. त्या काळात जगातली एकही वस्तू अशी सापडली नाही, जिचा या माणसानं पुन्हा विकायचा भाव काढला नाही. सरपंचांनी टेबलफॅन आणला. सगळं गाव वारा घ्यायला गेलं. किसनराव फॅनसमोर उभे राहिले, वीज गेलेलीच होती, आणि म्हणाले, "बंदूक झकास हाये सरपंच, गोळी कुठाय?" सरपंच पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. वीजही आली नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी शहागडची. तिचे वडील आणि मामा माझी खोली बघायला आले, आणि किसनराव न बोलावता येऊन पाटावर बसले. "गोदावरीचं पाणी पेलेली पोर," ते मामांना म्हणाले, "अन् आमच्या हिरीचं पाणी हे असं खारं. बसंल का? न्हाई, डाक्टर माणूस चांगला हाये. पण आधी नळीचा बोअर बघावा, मंग गोळी भरावी." मामांनी हातातला चहा खाली ठेवला. लग्न झालं, पण ते किसनरावांना न जुमानता झालं, हे नमूद करून ठेवतो.

ही सगळी विद्या एका रिव्हॉल्वरातून आलेली होती. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या राजवटीत हैदराबादेहून आणलेलं, विलायती, चारशेपन्नास बोअरचं, म्हणजे नळीच्या त्या मापाचं, सहा गोळ्यांचं. वजन असं, की कुणाला नुसतं फेकून मारलं तरी काम व्हावं. वडील गेले, निजाम गेला, परवाना किसनरावांच्या नावावर आला आणि रिव्हॉल्वर राहिलं. गोळ्या मात्र राहिल्या नाहीत. आणि त्या बोअरच्या गोळ्या आता कुठेच मिळत नव्हत्या.

कुठेच म्हणजे कुठेच, हे ते आल्यागेल्याला पटवून देत. "जालन्यात जावा, औरंगाबादला जावा, दुकानदार म्हनतो बत्तीस बोअर घ्या. अरे, बत्तीस घातली तर नळीत खडखड वाजती, लेकरानं बापाचा जोडा घातल्यावानी. चारशेपंचावन्न म्हनाल तर ती पलटणीची. सरकार हात लावू देत न्हाई, अन् दिली तरी आत शिरत न्हाई. राह्यली ती पंचेचाळीसची अमेरिकन. तिला बुडाला काठच न्हाई! अडकंल कशाला? बिननाडीचा पायजमा हाये तो. घातला की सुटला."

या व्याख्यानाला टाळ धरायला सुभेदार वाघमारे असत. पलटणीतून पेन्शनीत आलेले, कडक मिशीचे, बौद्धवाड्यात नव्यानं बांधलेल्या घरातून रोज सकाळी "जय भीम, पाटील" म्हणत येणारे. किसनरावांच्या ओट्याचा एक कायदा होता: ज्याला बोअर कळतो तो वर बसेल, ज्याला कळत नाही तो पायरीवर. त्यामुळे सुभेदार वर पाटलांच्या मांडीला मांडी लावून बसत आणि सरपंच खाली. गावातल्या काही जुन्या लोकांना हे फार झोंबायचं. ते किसनरावांना तसं सांगायला येत, किसनराव त्यांना "चारशेपन्नास अन् चारशेपंचावन्नमदी फरक काय?" विचारत आणि पायरी दाखवत.

हत्याराचे लाड तर विचारू नका. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. तेव्हा हळदीकुंकू चकरीतल्या गोळ्यांच्या घरांत जाऊ नये म्हणून सहाही घरांना बोळे लागत, आणि त्यासाठी कापूस माझ्या दवाखान्यातून जाई. सरकारचा कापूस, गुरांच्या जखमांचा! निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत. किसनराव आपलं रिव्हॉल्वर नव्या पिशवीत घालून नेत आणि हवालदाराला बजावत, "गावठी बंदुकांत ठिवू नका. संगतीनं भाव पडतो."

तर असं हे रत्न सदा विकायला काढलेलं असे. सदा! बाजाराच्या दिवशी ओट्यावर घोंगडी अंथरली जाई, मधोमध रिव्हॉल्वर आणि शेजारी मालक. परवाना असलेलं एखादं हौशी गिऱ्हाईक परतूर-सेलूकडून यायचं. आधी बोअरचं व्याख्यान, मग सुभेदारांची साक्ष, मग चहा आणि मग भाव.

भाव व्हायचा तो बैलबाजाराच्या रीतीनं. आमच्याकडे बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं धरायची: एक धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेकडे की हजार ते तोंड बघून समजायचं. बघणाऱ्यांना उपरणं हलताना दिसतं, बाकी काही कळत नाही. रिव्हॉल्वर उपरण्याखाली विकणारा माणूस मात्र मी तेवढा एकच पाहिला. ते काय दाबत देव जाणे, पण गिऱ्हाईक विंचू चावल्यासारखं हात ओढून घेई. एक जण तर "पाटील, डोकं ठिकाणावर हाये का?" असं विचारून उठला तो चपला विसरून गेला. त्या चपलांचाही भाव किसनरावांनी काढून ठेवला होता.

गिऱ्हाईक पळालं की सगळा ओटा हसायचा. आणि दारात उभे असलेले नाना उपरण्याचा शेव तोंडावर धरून खांदे हलवायचे.

नाना म्हणजे किसनरावांचे धाकटे भाऊ. मी त्यांना मुकेच समजत होतो. पांढरी टोपी, खाली मान. गुरांचं सगळं बघायचे, मोसंबीच्या आळ्यांना पाणी द्यायचे, पाटील-वहिनी घरी असोत की पंढरीला, चहा तेच करायचे. गिऱ्हाईक आलं की पितळेच्या कपांचा ट्रे घेऊन दारात येत आणि भाव मोडेपर्यंत तिथंच उभे राहत. मला वाटे, काय हा मोठा भाऊ! धाकट्याला गड्यासारखा राबवतो आणि स्वतः ओट्यावर लोखंड मांडून तमाशा करतो. तसं मी बायकोजवळ बोललोही. ती म्हणाली, "तुम्हाला चहा मिळतो ना? मग."

मग एका बाजाराच्या दिवशी अंबडहून वकील आले.

मोटारसायकल, काळा कोट, मागे बांधलेला एक लाकडी डबा. राम राम झाला. किसनरावांनी घसा साफ करून "बत्तीस घातली तर नळीत खडखड..." सुरू केलं, तर वकिलांनी हात वर केला. "पाटील, ते मला पाठ आहे. मी ऐकूनच आलो." त्यांनी डबा उघडला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काडतुसं. "सासऱ्यांची. त्यांची बंदूक कधीच गेली, हे माझ्या गळ्यात राहिलं. माझ्याकडे गोळ्या आहेत, रिव्हॉल्वर नाही. तुमच्याकडे रिव्हॉल्वर आहे, गोळ्या नाहीत. हे लग्न लागलंच पाहिजे."

ओटा हरखला. पायरीवरचे सरपंच चक्क उभे राहिले. सुभेदारांनी एक काडतूस उचललं, बूड उजेडाकडे धरलं, मिशीवरून हात फिरवला.

"काय म्हनता, सुभेदार?" किसनरावांचा आवाज बारीक झाला होता.

"चारशेपन्नास," सुभेदार म्हणाले. "बराबर हाये." आणि असा चेहरा केला, की जणू कुणाच्या मयतीची खबर दिली.

मला मजा वाटली. इतकी वर्षं 'जोड न्हाई, जोड न्हाई' म्हणून गावाचं डोकं खाल्लं, आता जोड मोटारसायकलवर बसून आली! आता बघू म्हटलं, पाटील काय करतात ते. पाटलांनी आधी काडतुसाचं पितळ हिरवं पडलंय म्हणून नाक मुरडलं. वकिलांनी ते रुमालानं पुसून लख्ख केलं. मग दारू सर्दावली असंल म्हणाले. वकील म्हणाले, "ते माझ्यावर सोडा. एक नुसती बसवून बघू."

"बिलकुल न्हाई!" किसनराव ओरडले, आणि रिव्हॉल्वर उचलून मांडीखाली घेतलं. "सौद्याआधी माल वापरायचा न्हाई. बैल घेताना कुनी आधी आउताला जुंपून बघतं का?"

सगळेच बघतात. जुंपून, चालवून, दात मोजून, शेपूट ओढून बघतात. ओट्यावर बसलेल्या प्रत्येकानं तसा बैल घेतला होता. पण किसनरावांचा आवाज ऐकून सगळे दुसरीकडे बघू लागले.

"मग भाव सांगा," वकील म्हणाले.

किसनरावांना हायसं वाटलेलं मला दिसलं. भाव हे त्यांचं खरं हत्यार, आणि ते आजवर एकदाही फुकट गेलं नव्हतं. त्यांनी वकिलांचा हात घेतला, वर उपरणं टाकलं. उपरणं हललं. पुन्हा हललं. आम्ही सगळे वकील हात कधी ओढून घेतात ते बघायला पुढे वाकलो.

वकील हसतमुखानं म्हणाले, "मंजूर!"

किसनरावांनी उपरणं ओढून घेतलं.

"काय मंजूर?" किसनरावांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते," वकील म्हणाले, आणि आमची तोंडं बघून गोंधळले. "म्हणजे... ही हात मिळवायची इथली पद्धत ना? भाव अजून सांगायचाय का?"

कोर्टात जन्म गेलेल्या त्या माणसाला बोटांची भाषाच ठाऊक नव्हती! सरपंचांनी त्यांच्या कानात ती समजावून सांगितली. कोणती बोटं दाबली गेली होती ते वकिलांनी आठवून सांगितलं, आणि सरपंचांनी हिशेब करून 'हजार' शब्द उच्चारला, तेव्हा वकिलांनी कोटाचं वरचं बटण काढलं. तेवढ्यात चांगली बैलजोडी आली असती, वर गाडी. पण चारचौघांत मंजूर म्हणून बसले होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "बोललो ते बोललो. मी शब्द फिरवत नाही."

वकिलाच्या तोंडून हे वाक्य मंठ्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

आणि इथे किसनराव अडकले. उपरण्याखाली झालेला सौदा मोडायचा नसतो, ही बाजाराची आण. मोडणाऱ्याच्या दावणीचं जनावर पुढे कुणी घेत नाही, त्याच्या पोराबाळांच्या सोयरिकीतही ते निघतं. सुटायची वाट एकच: मालात खोड असेल तर विकणाऱ्यानं ती आपल्या तोंडानं, सगळ्यांसमोर सांगायची. मग घेणारा मोकळा आणि देणाराही मोकळा. रीतीप्रमाणे सरपंचांनी विचारलं, "पाटील, काही खोड?"

किसनरावांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार आपल्या बुटांकडे बघत होते. मग किसनरावांची नजर दाराकडे गेली. दारात नाना होते, ट्रे घेऊन.

"न्हाई," किसनराव म्हणाले. "खोड काय न्हाई."

"मग द्या माल."

"देत न्हाई." त्यांनी मांडीखालचं रिव्हॉल्वर घट्ट धरलं. "सौदा मोडला म्या. माझं त्वांड काळं. लिहून घ्या, काय करायचं ते करा. रिव्हॉल्वर देत न्हाई."

लोकांत हूं हूं सुरू झालं. पायरीवरून कुणी तरी म्हणालं, "पाटील असून?" ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाची किंमत केली, त्यानं आपली किंमत एका वाक्यात मातीमोल करून टाकली होती. मला तर खरंच राग आला. इतका कसला जीव त्या लोखंडात!

तेव्हा नाना बोलले. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मऊ होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"दादा, सांग की त्यांना खोड." त्यांनी ट्रे घोंगडीवर ठेवला. "वकीलसाहेब, त्याच्या घोड्याचं, गोळीवर आपटतं ते, टोक घासलेलं हाये. गोळी कोनतीबी घाला, उडनार न्हाई. दादानं अन् सुभेदारानं मिळून घासलंय. माझ्यापायी. च्या घ्या, निवून जाईल."

किसनराव भावाकडे वळले. "तुला... तुला कवा कळलं?"

"पैल्याच साली."

कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही. टोक घासलेलं आहे हे ते रिव्हॉल्वर हातात घेतल्याशिवाय, घोडा मागे ओढून टोक पाहिल्याशिवाय कळायचं नव्हतं. किसनरावांनी मांडीखालून रिव्हॉल्वर काढून घोंगडीवर ठेवलं. "मंग बोलला का न्हाईस, नाना? इतके दिस?"

"बोललो असतो तर तुझा बाजार उठला असता," नाना म्हणाले आणि कप वाटू लागले.

वकिलांनी चहा उभ्यानं घेतला, डबा बांधला. जाताना ते किसनरावांच्या पाया पडले. काय समजले असतील ते असोत, मला मात्र त्या क्षणी वकील जात एकदम आवडली.

सुभेदार घराकडे निघाले तसा मी त्यांच्याबरोबर गेलो. मला बाकीचं ऐकायचं होतं. "नानाची बायको बाळंतपणात गेली," ते म्हणाले. "लेकरूबी राह्यलं न्हाई. तवा मी सुट्टीवर आल्तो. नाना जेवत न्हाई, बोलत न्हाई. एक दिस दुपारी पाटील गोठ्यात गेले, तर हा कडब्यावर बसलेला, रिव्हॉल्वर मांडीवर. पाटलानं काय बी न बोलता ते काढून घेतलं. गोळ्या दुधना नदीच्या डोहात टाकल्या, अन् घोड्याला कानस म्या लावली. पाटलानं तवा धरून ठिवलं व्हतं, अन् हात त्यांचा असा कापून राह्यला की मला धड घासता येईना."

"मग विकून का नाही टाकलं? फेकून द्यायचं!"

"फेकनारच व्हतो. एक गिऱ्हाईक आल्तं. घासलेला माल कसा देणार, अन् नानादेखत खोड कशी सांगणार? म्हून पाटलानं उपरण्याखाली कायच्या काय भाव दाबला. गिऱ्हाईक पळालं. अन् मागून हसल्याचा आवाज आला." सुभेदारांनी मिशी पुसली. "दारात नाना व्हता. कैक महिन्यांनी हसला, डाक्टर. मंग काय! पाटलानं बाजारच भरवला. मी सुट्टीवर आलो की साक्ष द्यायला बसायचो, पेन्शनीत आल्यापास्नं रोज बसतो. काठाची गोळी, बिनकाठाची गोळी... अहो, निम्मं तर आमी तिथंच बसून रचतो."

म्हणजे ते व्याख्यान, तो पायजमा, ते 'माल बराबर हाये, जोड न्हाई'. सगळं गाव ज्याला वेडा म्हणून हसत होतं, तो माणूस एका दारातल्या माणसासाठी दर बाजाराला वेडा होत होता. आणि दारातला माणूस सगळं ठाऊक असून त्याच्यासाठी हसत होता. मला रडू आलं. रस्त्यावर, भर दुपारी, सुभेदारांच्या देखत. सांगायला लाज नाही.

आता खोड जगजाहीर झाली होती. त्या रिव्हॉल्वरला भंगारवाल्यानंही विचारलं नसतं. पुढच्या बाजाराला ओटा रिकामा असणार असं मी धरून चाललो होतो. सकाळी दार उघडलं तर घोंगडी अंथरलेली. मधोमध रिव्हॉल्वर. एका बाजूला किसनराव आणि समोर, गिऱ्हाइकाच्या जागी, नाना. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलेली. दोघांच्या हातांवर उपरणं.

चहा करणारा माणूस सौद्यात गुंतला होता, म्हणून चहा मी करून नेला. कप घोंगडीवर ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. उपरणं हलत नव्हतं. खाली बोटं धरली होती की नुसता हात, कोण जाणे.

"पाटील, चहा निवतोय," मी म्हणालो.

किसनरावांनी मान वर केली नाही.

"थांबा हो डाक्टर, जल्दी करू नका," ते म्हणाले. "गिऱ्हाईक लई चिवट हाये."